खोली चार

महाप्याला चौथ्या मजल्यावर, रात्री नऊ ते सहा,
मी यकृतांना आकडे देते.
अकरा वर्षं झाली.
ओहायोत कुणी घोड्यावरून पडतं,
टेक्सासात एखादी बाई स्टिअरिंगवर आदळते,
आणि त्यांच्या उजव्या बरगड्यांखालचा तो तपकिरी ऐवज
माझ्या पडद्यावर येतो,
नाव पुसून, नुसतं वय ठेवून.

नियम तसे सोपे आहेत.
वरचा पापुद्रा तेवढा फाटला, चीर सेंटिमीटरच्या आत: किरकोळ.
दहाहून कमी लांब, तीनहून कमी खोल: मध्यम.
त्यापुढे मोठी.
चांदणीसारखी चहूकडे फाटली असेल
तर मोजत बसायचं नाही, थेट मोठी.
हो, चांदणीसारखी. तसा शब्दच आहे तिथं.
पहिल्यांदा वाचला तेव्हा
पुढ्यातला डबा तसाच झाकला होता.

आमचा ट्रेनर, वर्गीस, सांगायचा,
कागदावर नाही ते घडलंच नाही.
अंदाज करायचा नाही.
अडलं तर डॉक्टरला विचारणा पाठवायची
आणि पुढची फाईल उघडायची.

मंगळवारी पहाटे साडेचारला हिराकाकीचा फोन.
निकेश. रबाळे नाक्यावर डंपरला चुकवताना
बाईकचं हँडल पोटात बसलं.
गळ्यातलं कार्ड तसंच ठेवून मी वाशीला पोचले.

काकी कॉरिडॉरमध्ये उभी.
एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात शेजारणीची.
हातात सीटीचा कागद, उलटा.
"तू याच कामाला जातंस ना गो? वाच."

वाचला. उजवा खंड, सातवा भाग.
"लांबी सहा," मी म्हटलं, "खोली चार."
"खोली चार? पन त्याला त आयशीयूत ठेवलाय."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्याही पहाटे.
बोटं मनातल्या कीबोर्डवर जाऊन थबकली होती.
मध्यमात बसत नाही, खोली जास्त.
मोठ्यात बसत नाही, लांबी कमी.
सर्जन लोकांच्या पायऱ्यांवर मात्र सरळ तिसरी.
तिथं आता पाच पायऱ्या.
आधी सहावी पण होती,
यकृत मुळापासून सुटलेलं.
मग यादी सुधारताना ती काढली.

काकी जवळ आली. आवाज खाली.
"कालीज फाटला का गो माजे पोराचा?"

नाही गं, असं म्हणतात अशा वेळी.
पण यकृत म्हणजेच काळीज.
दिवाळ्याचा मटणवाला पावशेर तोलून देतो, तेच.
आपणच कधीतरी ते डावीकडे सरकवलं,
माया, भीती, धसका, सगळं त्यात कोंबलं,
आणि उजवीकडची जागा
संस्कृतला देऊन टाकली.
काकी बरोबर विचारत होती.
त्या अख्ख्या मजल्यावर तिचाच शब्द अचूक होता,
आणि माझ्या कुठल्याच यादीत नव्हता.

"हो," मी म्हटलं. "फाटलंय. चार सेंटिमीटर."
तिनं अंगठा आणि बोट ताणून
माझ्यासमोर धरलं.
"येवरा?"
मी तिची बोटं थोडी जवळ आणली.
तशीच धरून ती बाकावर बसली,
डॉक्टर मुकादम बाहेर येईपर्यंत.

बाई थकलेल्या. कापणार नाही, म्हणाल्या.
प्रेशर टिकलंय. पडून राहू दे, आपण बघत राहू.
ते आपलं आपण भरून येतं, वेळ दिला तर.
काकीनं त्यांनाही बोटं दाखवली.
त्यांनी वाकून पाहिली,
आणि मान डोलावली.

गुरुवारी रात्री पुन्हा महापे.
फाईल: मुलगा, वय बावीस, नेब्रास्का.
चीर आहे, खोली लिहिलेली नाही.
विचारणा पाठवली, ठरलेल्या चार ओळी.
पाचवी लिहिली होती, मग खोडली:
बाहेर बाकावर कोण बसलंय?